सोन्याचा कस कोणी पाहावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याची माझी ही पहिलीच खेप. आजवर मंडळाच्या कार्यक्रमात माझे काम म्हणजे मसालेदुधाचे पातेले सांभाळणे आणि शेवटी सतरंज्या झाडून घड्या घालणे. शिक्षण म्हणाल तर सातवी. तेव्हा माझ्या बोलण्यात काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या. कार्यवाहबाईंनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला पाककृती सोडून एकाच विषयातले थोडे कळते, आणि तेही अंगावर आले म्हणून कळले. तो विषय म्हणजे सोन्याची तपासणी.

आपल्या विट्यात गलाई म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. खानापूर, आटपाडी, तासगाव या आपल्या बाजूची माणसे दुष्काळाने घर सोडून गेली आणि देशभर सोने-चांदी गाळण्याचा धंदा करू लागली. माझे चुलतेही त्यांतलेच. केरळात त्रिशूरला त्यांचे सारे आयुष्य मुशीपुढे गेले. सुट्टीत गावी आले की त्यांच्या बोटांवरचे तेजाबाचे पिवळे डाग आम्ही पोरे मोजत असू. पण घरात गलाईवाला असून मला सोन्यातले काही कळत नव्हते. अंगावर घालायचे, सणाला काढायचे, पुन्हा डब्यात ठेवायचे, एवढीच माझी सोन्याशी ओळख.

घडले ते असे. २०२३ च्या दिवाळीनंतर माझ्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले. मुलीला गंठण करायचे होते. हातात रोकड बेताची. म्हणून माझ्या दोन बांगड्या मोडीत घालायच्या ठरल्या. या बांगड्या माझ्या धाकट्या भावाने आणलेल्या. तो शारजाला वेल्डिंगचे काम करतो. २०१७ साली सुट्टीवर आला तेव्हा भाऊबीजेला त्याने त्या माझ्या ताटात घातल्या. एकेक दहा ग्रॅमची, आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ९१६ असा आकडा. त्या उन्हात लोखंड जोडून साठवलेल्या पैशांच्या त्या बांगड्या, हे मला ठाऊक होते, म्हणून मोडायचे जिवावर आले होते.

दुकानात गेलो. दुकान कोणते ते सांगत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. त्यांनी बांगडी कसोटीच्या दगडावर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, हे बाहेरचे सोने. वीस कॅरेट धरतो."

मी म्हटले, "आत ९१६ लिहिलेय की."

"आकड्याचे काय, ठसा असला की कोणीही मारील."

आमचे हे शेजारी बसले होते, ते काही बोलले नाहीत. वाटेत मात्र म्हणाले, "तुझ्या भावाला तिकडे कुणीतरी फसवले असणार." घरी आल्यावर ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली, तिथून जावेच्या, आणि संध्याकाळपर्यंत तिचे रूप पालटले. "भावाने हलके सोने घातले" असे झाले. सोन्यापेक्षा या बोलण्याने मला जास्त लागले. रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, मी बावीसचेच घेतले गं. पण पावती आता कुठे असणार?" त्याचा आवाज ऐकून मलाच अपराध्यासारखे वाटले.

हिशेब पाहा. बावीस कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. वीस कॅरेट म्हणजे ८३३. माझ्या वीस ग्रॅममागे दीड ग्रॅमहून अधिक शुद्ध सोने नुसत्या त्या एका वाक्यात गेले असते. आपण भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालतो, पण सोनार "धरतो" म्हणाला की मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी चुलत्यांना फोन लावला. ते आधी हसले. म्हणाले, "पोरी, दगडावरच्या रेघेने अंदाज येतो, हिशेब येत नाही. आणि तो अंदाज माल घेणाऱ्यानेच सांगितला, तर तो कोणाच्या बाजूला झुकणार?" मग त्यांनी सांगितले की हॉलमार्क करणारी जी केंद्रे असतात, तिथे तुमच्याआमच्यासारखे गिऱ्हाईकही आपला नग नेऊन तपासून घेऊ शकते. ती केंद्रे सोने विकत नाहीत आणि घेतही नाहीत. त्यांना भारतीय मानक ब्युरोची मान्यता लागते. तिथले लोक फक्त कस सांगतात.

भगिनींनो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक होते?

चौकशी केली तेव्हा कळले की चार नगांपर्यंत मिळून दोनशे रुपये आणि वर कर, एवढ्यात तपासणी होते. आता आपण बायका. दोनच नगांसाठी दोनशे कशाला द्यायचे? म्हणून आईकडे जाऊन तिच्या दोन पाटल्याही घेतल्या. आई म्हणाली, "माझ्या कशाला? त्या आपल्या सोनाराच्या आहेत." मी म्हटले, तेवढ्याच पैशांत होते आहे. काटकसरीपायी मी त्या नेल्या, मनात संशय म्हणून नव्हे. हे आवर्जून सांगते.

सांगलीला एका केंद्रात मी आणि मुलगी गेलो. मला वाटले होते भट्टी, धूर, काळवंडलेल्या भिंती असतील. पाहते तो काचेची दालने आणि सुती डगला घातलेली एक मुलगी. रसायनशास्त्र शिकलेली, माझ्या मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने आधी नग एका यंत्रात ठेवले. त्यातून क्ष-किरण सोडतात आणि मिनिटाभरात आकडा येतो. मला वाटले झाले काम. पण ती म्हणाली, "काकू, हे वरवरचे पाहते. आत काय आहे ते याला दिसत नाही. खात्रीचा दाखला हवा तर भट्टीत घालावे लागेल." त्यासाठी नगाचा एक-दोन गुंजा वजनाचा तुकडा काढावा लागतो. मी संमती दिली, पण कात्री लागताना मान फिरवली.

ती पद्धत मी नीट विचारून घेतली, कारण घरी जाऊन चुलत्यांना सांगायची होती. सोन्याचा तुकडा अगदी बारीक काट्यावर तोलतात. त्यात मुद्दाम थोडी चांदी घालतात आणि सगळे शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. मग लहानशा वाटीत ठेवून भट्टीत घालतात. पूर्वी ही वाटी हाडांच्या राखेची करीत, आता मॅग्नेशियाचीही असते. भट्टीची आच हजार अंशांच्या वर. शिसे वितळते आणि सोन्यातले तांबे व इतर हीण बरोबर घेऊन वाटीत मुरते. ती वाटी शिसे पिते म्हणा ना. शेवटी सोने-चांदीचा एक चकचकीत मणी उरतो. तो ठोकून, लाटून पातळ करतात आणि तेजाबात उकळतात. चांदी विरघळून जाते, उरते ते निव्वळ सोने. ते पुन्हा तोलायचे. आधीचे वजन आणि आताचे वजन, एवढाच सगळा हिशेब.

चांदी आधी घालायची आणि मग काढायची हे मला काही पटेना. मी तिला तसे विचारले. ती म्हणाली, सोने फार असले तर ते तेजाबाला आत शिरू देत नाही, आतली चांदी तशीच अडकून राहते. चांदी पुरेशी वाढवली की तेजाब आरपार जाते. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आपल्या तुकड्याबरोबर खात्रीच्या शुद्ध सोन्याचाही एक तुकडा त्याच भट्टीत घालतात. त्याचे वजन कमीजास्त झाले तर चूक भट्टीची आहे हे कळते. म्हणजे तपासणाऱ्याचीही तपासणी तिथल्या तिथे होते. पुरणाला आच किती लागली हे पाहायला आपण आधी एक पोळी टाकून बघतो, तसलेच काहीसे.

निकाल दुसऱ्या दिवशी मिळायचा होता. त्या रात्री मुलीने फोनवर पाहून मला बरेच काही वाचून दाखवले. हॉलमार्क हा शब्द लंडनचा. तिथे इ. स. १३०० मध्येच राजाने कायदा केला की ठराविक कसाखाली सोन्या-चांदीचा माल विकायचा नाही. पुढे १४७८ मध्ये सोनारांच्या संघाने पगारी तपासनीस नेमला आणि कारागिरांनी माल संघाच्या हॉलमध्ये आणून ठसा मारून घ्यायचा असे ठरले. हॉलमध्ये मारलेली खूण, म्हणून हॉलमार्क. मी इतकी वर्षे हा शब्द ऐकते आहे, पण त्यात एक खरोखरची इमारत आहे हे कधी मनात आले नव्हते.

आणखी एक वाचले ते ऐकून तर छाती धडधडली. टंगस्टन नावाचा एक धातू आहे. तो सोन्याच्या मानाने अगदी स्वस्त, पण आकारमान सारखे असेल तर वजन जवळजवळ सोन्याइतकेच भरते. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, तर टंगस्टन १९.२५ पट. पाण्यात बुडवून मुकुटाची परीक्षा करणाऱ्या त्या ग्रीक पंडिताची गोष्ट आपण ऐकली आहे, त्यालाही हे फसवील. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये दहा औंसांची लगड अशी निघाली. वर सोने, ठसा, क्रमांक सगळे ठाकठीक, आणि आत भोके पाडून टंगस्टन भरलेले. वरून दगड घासून किंवा किरण सोडून हे कळायचे कसे?

आणि आपले बहुतेक सोने बाहेरचेच, बरे का. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या. कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीला अजून सोने निघते, पण देशाला लागते त्याच्या मानाने ते चिमूटभर. बाकीचे स्वित्झर्लंड, अमिरात अशा ठिकाणांहून लगडींच्या रूपाने येते. दुकानदार मला "बाहेरचे सोने" म्हणाले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या काचेआडचे सोने कुठले होते, हे मी त्यांना विचारायला हवे होते. त्या वेळी सुचले नाही. अशा गोष्टी आपल्याला नेहमी जिना उतरल्यावर सुचतात.

दुसऱ्या दिवशी दाखला हाती आला. भावाच्या बांगड्या दोन्ही ९१७. म्हणजे आकड्याहून एक भाग जास्तच. मी तिथेच डोळे पुसले. मुलगी म्हणाली, "आई, लोक बघताहेत." बघू देत.

मग पाटल्यांचा दाखला पाहिला. एक ८४२, दुसरी ८३८.

आईच्या पाटल्या. तीस ग्रॅमच्या, भरीव. १९९४ साली वडिलांनी केलेल्या. आमच्या घरच्या सोनाराने घडवलेल्या. त्यांच्या दुकानात आम्ही लहानपणी बत्तासे खाल्ले आहेत. तीस ग्रॅममागे दोन ग्रॅमहून अधिक शुद्ध सोने कमी. शारजाच्या अनोळखी दुकानातले सोने खरे निघाले आणि ज्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला ते उणे.

त्या डगलेवाल्या मुलीला मी विचारले, "म्हणजे आम्हाला फसवले?" ती लगेच हो म्हणाली नाही. तिने विचारले, "या जुनी मोड घालून केल्या होत्या का?" होत्या. आजीची एकदाणी आणि कानातले मोडून त्यात वडिलांनी भर घातली होती. ती म्हणाली, जुन्या हातघडणीच्या दागिन्यांत सांधे फार असतात आणि सांधा जोडायला हलके सोने वापरतात. तो दागिना गाळून शुद्ध न करता तसाच वितळवला तर सांध्यांचे सगळे हीण नव्या नगात उतरते. तेव्हा सोनाराने हीण घातले, की आजीच्या सोनाराने, की ते सांध्यांतून आले, हे भट्टी सांगू शकत नाही. ती फक्त किती ते सांगते.

आता हे आईला कसे सांगायचे? चार दिवस मी टाळले. शेवटी तिनेच विचारले. मी दाखला तिच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या वर्षी पाऊस नव्हता. तुझ्या वडिलांकडे निम्मेच पैसे होते. सोनार म्हणाला, न्या, सवडीने द्या. वर्षभर त्याने तोंडातून शब्द काढला नाही." मी म्हटले, "आई, तो चांगला होता हे खरे, आणि पाटल्या उण्या हेही खरे." ती म्हणाली, "मग दोन्ही असू दे." तो सोनार आता हयात नाही. आमच्याकडे त्या वेळची पावती नाही, आणि त्या काळी आपल्याकडे दागिन्यांवर हॉलमार्कही नव्हता. तो सुरू झाला २००० साली, तोही ऐच्छिक. चुलते म्हणाले, पाठवून दे, गाळून बावीसच्या करून देतो, वजन थोडे उतरेल. आईने नको म्हटले.

माझ्या मनाचे म्हणाल तर अजून पक्के होत नाही. कधी वाटते सोनाराने आमच्या अडाणीपणाचा फायदा घेतला. कधी वाटते त्याच्या हाती आले तेच त्याने घडवले. पण एवढे नक्की, की त्या दिवशी कोणा तिऱ्हाइताने ते सोने तपासले असते, तर हा संशय आज त्या मेलेल्या माणसावर राहिला नसता आणि आमच्या मनातही नसता. तपासणीने फक्त चोर सापडतो असे नाही. माझ्या भावावरचा आळही तिनेच पुसला. दाखल्याची एक प्रत मी जावेला मुद्दाम दिली. तिने ती बघून चहा टाकला, आणि तो विषय तिथे संपला.

दाखला घेऊन आम्ही दुसऱ्या दुकानी गेलो. त्यांनी बावीस कॅरेटने मोड घेतली आणि काही कुरकुर केली नाही. आता गंठण घेताना मी शहाणी झाले होते. २०२१ च्या जूनपासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, पुढे जिल्हे वाढत गेले. त्याच वर्षी जुलैपासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक येऊ लागला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या क्रमांकावाचून हॉलमार्कचा माल विकता येत नाही. नगावर तीन खुणा पाहायच्या. ब्युरोची त्रिकोणी खूण, कस, म्हणजे बावीस कॅरेटला २२के९१६, आणि तो सहा अक्षरांचा क्रमांक. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला ही सक्ती नाही, तेव्हा मुरणी-चमकीवर शोधत बसू नका. आधीच्या वर्षांतल्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर खुणा वेगळ्या आहेत, पण म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

हा क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये घातला की कोणत्या केंद्रात तपासले, कस किती, कोणत्या दिवशी, आणि नग कोणता हे दिसते. मुलीने दुकानातच घालून पाहिला. कस बरोबर आला, पण नगाच्या नावापुढे "अंगठी" आले! आमच्या हातात गंठण आणि फोनवर अंगठी. दुकानदार गडबडले. म्हणाले, लिहिताना चूक झाली असेल. असेलही. मी म्हटले, "दादा, मग ज्याची चूक झाली नाही असा नग दाखवा." त्यांनी दुसरे गंठण काढले, त्याचे सगळे जुळले. तेच घेतले. पावतीवर वजन, कस आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहून घेतला. त्या वेळी तो नगामागे ४५ रुपये आणि वर कर असा होता, सोन्याच्या वजनावर नव्हे. कोणी टक्क्यांत सांगितले तर ऐकू नका.

ही पावती जपून ठेवायची, कारण हॉलमार्कचा नग पुढे तपासणीत कमी भरला तर २०१८ च्या नियमांप्रमाणे तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च दुकानदाराने द्यायचा असतो. पावती नसेल तर मागायचे कोणाकडे? माझ्या भावाची पावती सापडली असती तर निम्मा मनस्ताप वाचला असता.

आई आज इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. हे सांगू का, म्हणून तिला आधी विचारले होते. ती म्हणाली, सांग, पण सोनाराचे नाव घेऊ नकोस. म्हणून घेतले नाही. पाटल्या तिच्या हातात आहेत.

मला पाच मिनिटे दिली होती, त्याच्या तिप्पट झाली. आता चहा आहे. ज्यांना आपल्या नगावरचा क्रमांक पाहायचा असेल त्यांनी चहानंतर खिडकीजवळ यावे, तिथे उजेड चांगला आहे. अक्षरे फार बारीक असतात, म्हणून मी भिंग आणले आहे आणि मुलीने फोन. दागिना हातातून काढायचा नाही, तुमच्याच हातात ठेवून पाहू.